अक्का, ती तार मी घातली होती

अक्का, परवा तुमच्या जलदानविधीला मी आलो होतो. मंडपात अगदी मागं, पाण्याच्या जारपाशी खुर्ची ओढून बसलो होतो. माझे वडील, नाना, पुढं बसले होते. वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं, मग गल्लीतली माणसं एकेक करून उठायला लागली. कोणी म्हणालं, बाईनं नवऱ्यामागं दुकान चालवलं. कोणी म्हणालं, पोरीला शिकवून नर्स केलं. एक ट्रॅक्टरवाला उठला, हात जोडले, "लय चांगली बाई होती" एवढंच म्हणाला आणि डोळे पुसत खाली बसला. तेवढ्यात माइकवाल्याची नजर माझ्यावर पडली.

"कॉलेजचे सर आलेले हायेत. सरांनी दोन शब्द बोलावं."

मी उठलो. पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभा राहून बोलतोय, मला शब्दांची कधी अडचण पडत नाही. कष्टाळू म्हणालो, स्वाभिमानी म्हणालो, पुरुषांच्या धंद्यात पाय रोवून उभी राहिलेली बाई म्हणालो. माणसांनी माना हलवल्या. तुमची लेक मंगल पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत बसली होती. तिनं मागं वळून मला हात जोडले. मी खाली बसलो आणि माइक पुढच्या माणसाकडं गेला.

मला तिथं फक्त एक वाक्य बोलायचं होतं. गुरुजींची गाडी पेटली ती अक्कांच्या कामामुळं नाही, माझ्यामुळं. घरून निघताना तेच मनात घोळवत आलो होतो. बोललो बाकीचं सगळं.

आता लिहितोय. तुम्ही वाचणार नाही हे माहीत असताना लिहिणं सोपं आहे, याचीही लाज वाटते.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तो नानांच्या फटफटीमुळं. एका निवृत्त फौजदाराकडून घेतलेली ती जुनी गाडी नानांनी सगळी नोकरी चालवली. गंगाखेडातून पूल ओलांडून पलीकडच्या गावच्या शाळेत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. रिटायर झाल्यावर ती पडवीत पोत्याखाली पडून राहिली. उंदरांनी वायरी खाल्ल्या. नानांना पंच्याहत्तर लागलं त्या वर्षी त्यांनी एकदम हट्ट धरला, मला ती पुन्हा चालवायची आहे. इंजिन एका मिस्त्रीनं करून दिलं. वायरिंगला मात्र कोणी हात लावेना. एकानं सांगितलं, बारा व्होल्टची करून टाका. दुसरा म्हणाला, भंगारात घाला. तिसऱ्यानं जरा विचार करून सांगितलं, "स्टँडच्या मागं अक्का हाय. तिच्या नवऱ्याचा हात हुता ह्या गाड्यांवर. तिला इचारा."

पत्र्याचं दुकान. पाटीवर अजून तुमच्या मालकांचंच नाव. आत तुम्ही पाटावर बसलेल्या, साडीवर बाप्याचा शर्ट, चष्म्याला मागून दोरा. मी नानांना हाताला धरून आत आणलं तशा तुम्ही हातातला पाना खाली ठेवून उभ्या राहिलात.

"गुर्जी?"

नानांनी ओळखलं नाही.

"मी सुमन, गुर्जी. चौथीपस्तोर होते तुमच्याकडं. पलीकडच्या गावाला."

नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एकोणतीसचा पाढा. न अडखळता."

तुम्ही हसलात. पदराखालचा शर्ट सारखा केलात, जणू वर्गात उभ्या आहात. मग टेम्पोतली गाडी दिसली आणि तुम्ही बाहेर गेलात. टाकीवर हात ठेवून म्हणालात, "हिच्या आवाजावरून आमी वळखायचो. येशीपस्तोर पळत यायचो. गुर्जी, हिचं काम दुसऱ्या कुणाला देऊ नका."

त्यानंतरचे रविवार मी तुमच्या दुकानात घालवले. तसं थांबायची गरज नव्हती, पण मला बघायचं होतं. तुम्ही टाकी उतरवली आणि जुन्या वायरींचा अख्खा सांगाडा, कुठंही न कापता, गाडीतून सोडवून घेतला. तो एका फळीवर पसरला. जिथं जिथं वायर वळते तिथं खिळा ठोकला, जिथं फाटा फुटतो तिथं दोन. मग त्या खिळ्यांवरून नव्या वायरी एकेक ओढत गेलात. पिवळी, निळी, काळी, लाल. चिकट टेप तुम्ही हातात घ्यायच्या नाहीत. "उन्हाळ्यात पघळते, सर. सुटते. मग वायर उघडी." तुम्ही कापडी पट्टी घट्ट गुंडाळायच्या, एकावर एक अर्धी चढवत, आणि गुंडाळताना बोलायच्या.

तेव्हाच मला कळलं की तुम्ही हे काम कसं शिकलात. साखरेनं मालकांचे डोळे गेले. दुकान बंद करायची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, मला तिथं नुसतं नेऊन बसव. ते बाजेवर बसून सांगायचे आणि तुम्ही करायच्या. "दोन वरसं त्यांची जीभ अन् माझे हात," तुम्ही म्हणालात. "चुकलं की आवाजावरून कळायचं त्यांना. पक्कड कशी वाजली त्यावरून म्हणायचे, सुमन, उलटं पिळायलीस." ते गेल्यावर गिऱ्हाईकं महिनाभर आली नाहीत. मग उसाचा सीझन लागला, एका ट्रॉलीचे मागचे दिवे रस्त्यातच गेले आणि अडलेला माणूस तुमच्याकडं आला. तुम्ही ते करून दिलेत. दुसऱ्या दिवशी तीन ट्रॉल्या उभ्या होत्या.

बॅटरीवरून आपलं पहिलं भांडण झालं. तुम्ही प्लसची वायर गाडीच्या चेसीला लावायला लागलात. मी अडवलं.

"अक्का, उलटं होतंय. बॉडीला निगेटिव्ह लावतात."

"हिला प्लस हाय, सर. जुनी हाय ही."

"असं नसतं. मी शिकवतो हे."

तुम्ही वाद घातला नाही. "लावा मग तुमी." मी माझ्या पद्धतीनं लावली. तुम्ही हेडलाइटचा खटका दाबलात आणि हँडलवरच्या बॅटरीच्या मीटरकडं बोट दाखवलंत. काटा चार्जिंगच्या बाजूला गेला होता.

"इंजिन बंद हाय. दिवा बॅटरी खायलाय. अन् काटा म्हणतो बॅटरी भरायलीय. कसं काय?"

तुम्ही वायरी बदलल्यात, काटा उलट्या बाजूला गेला. दुकानात दोघं-तिघं होते, ते हसतील म्हणून मी आधीच हसलो. तुम्ही मात्र माझी बाजू सावरलीत. म्हणालात, "पुस्तकात चूक न्हाई सर. गाडीच येगळी हाय." असं कितीदा सावरलंत मला. मी ते मोजलं नाही, कारण त्या वेळी मला ते कळतच नव्हतं.

शेवटच्या दिवशी तुम्ही एक छोटी डबी बसवलीत. मूळच्या गाडीत फ्यूज नव्हताच. "पण गुर्जी बसणार हायेत," तुम्ही म्हणालात. "काही झालं तर हा जळंल, गाडी वाचंल. ह्याच्या जागी दुसरं काही घालू नका. अन् गाडीला काही वाढवायचं आसलं तर आधी माझ्याकडं या." मी हो म्हणालो. नानांनी किक मारली. तिसऱ्या किकला गाडी लागली आणि तुम्ही तोंडाला पदर लावून रडलात.

गाडीचा फोटो मी कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली लिहिलं, "नानांच्या गाडीचं संपूर्ण वायरिंग घरच्या घरी केलं." किती अंगठे आले, किती हार आले. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये नाव घेतलं. शेजारचे सर म्हणाले, फिजिक्सवाल्याला हे काय अवघड! मी नुसता हसलो. तुमचं नाव घ्यायला मला काय झालं होतं ते आजही नीट सांगता येत नाही. स्टँडमागच्या पत्र्याच्या दुकानात, शर्ट घातलेल्या, चौथी शिकलेल्या बाईनं मला काटा दाखवून गप्प केलं होतं. ते ग्रुपवर लिहिता येत नव्हतं.

जानेवारीत पलीकडच्या गावच्या शाळेनं नानांना झेंडावंदनाला बोलावलं. नाना म्हणाले, गाडीवर जाणार. मला वाटलं, जाऊ दे, थाटात जाऊ दे. परभणीला गेलो, मोठा बल्ब आणला, मोठा हॉर्न आणला. तुमच्याकडं घेऊन आलो, कारण तसं कबूल केलं होतं. तुम्ही बल्ब हातात घेऊन बघितलात आणि परत दिलात.

"हिला न्हाई झेपायचं, सर. हिचा डायनामो केवढा, ह्या दोघांचं खाणं केवढं! वायरी गरम व्हतील."

"थोडा वेळच लावायचं आहे."

"जळायला थोडाच येळ लागतो." मग तुम्ही हसत म्हणालात, "तुमी हेच शिकवता पोरांना. मी काय सांगू तुमाला?"

तुम्ही सहज म्हणालात. ट्रॉलीचे दिवे करायला आलेले ड्रायव्हर मात्र खो खो हसले. मी बल्ब आणि हॉर्न पिशवीत घातले आणि निघालो.

घरी पडवीत बसून मीच लावलं. हॉर्नची वायर घ्यायला टाकीखालची तुमची पट्टी सोडली, वायर सोलली, नवी वायर तिला पिळली आणि वरून चिकट टेप मारली. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. घरात तिसरा नव्हता. मी एका तुटक्या वायरीतून तांब्याच्या तारा काढल्या, दुहेरी पिळल्या आणि फ्यूजच्या जागी बसवल्या. हॉर्न वाजला. दिवा लख्ख लागला.

अक्का, मी दरवर्षी अकरावीच्या पोरांना सांगतो की फ्यूजच्या जागी तार घालणं हा गुन्हा समजा. त्यामुळं मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळी नाना गाडीवर पुढं आणि मी स्कूटरवर मागं, असे निघालो. पुलावर त्यांनी उगाच दोनदा हॉर्न वाजवला. मागून मला त्यांची पाठ ताठ झालेली दिसत होती. गावात शिरताना रस्ता उखडलेला होता, गाडी गचके खात होती. शाळेच्या फाटकाशी पोरं दोन रांगा करून उभी होती आणि नाना त्या रांगांमध्ये शिरले तोच टाकीखालून धूर निघाला. आधी पांढरा, मग काळा. जळक्या रबराचा वास आला. नानांना काही कळेना. ते एका हातानं धूर बाजूला सारत होते आणि गाडी तशीच पुढं जात होती. मी ओरडलो, "नाना, उतरा! टाका गाडी!" ते गाडीसकट आडवे झाले. टाकीखाली जाळ दिसायला लागला. एका बाईनं ओलं पोतं आणून टाकलं, दोघांनी फावड्यानं माती ओढली. पेट्रोलपर्यंत जाळ पोचला नाही एवढंच. नानांचं डावं मनगट मोडलं होतं. तशा हातानं, शालीची झोळी करून, ते झेंड्याखाली उभे राहिले. दवाखान्यात त्यानंतर गेले.

आणि तिथं, पोरांच्या समोर, सरपंचानं विचारलं, "वायरिंग कुणी केलं हुतं ह्याचं?"

माझ्या तोंडून लगेच निघालं, "स्टँडमागच्या अक्कानं."

चांगलं होतं तोवर ते काम माझं होतं. जळालं त्या क्षणी तुमचं झालं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी टेम्पोत घालून तुमच्याकडं आणली. खरं सांगतो, येताना ओरडायचं ठरवलं नव्हतं. पण दुकानात तेच ड्रायव्हर बसलेले दिसले आणि मी दारातूनच सुरू झालो. "हे बघा तुमचं काम! बाप गेला असता माझा! असलं काम बाईमाणसाच्या हातात द्यायलाच नको होतं!" रस्त्यावरची माणसं थांबली. तुम्ही हातातला सोल्डरिंगचा कइया खाली ठेवलात आणि उठलात.

"गुर्जी कसे हायेत?"

हे पहिलं. मी काही तरी बोललो, मनगट, प्लास्टर. तुम्ही टेम्पोत चढलात. टाकीखाली वाकून बघितलंत. बोटानं जळालेली टेप उचललीत, ती चिकट टेप, जी तुमच्या दुकानात नव्हतीच. मग डबीचं झाकण उघडलंत. तुमचा हात थांबला. मी चार हातांवर होतो, मला दिसलं. तार जळलीसुद्धा नव्हती, नुसती काळी पडली होती.

तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघितलंत. मी रसवंतीच्या पाटीकडं बघायला लागलो.

"काय झालं, अक्का?" खालून एक ड्रायव्हर ओरडला. "काय चुकलं?"

तुम्ही डबीचं झाकण लावलंत. "बगते," म्हणालात. मग मला म्हणालात, "सोडून जावा, सर. माझं काम हाय, मी निस्तरते."

खोटं तुम्ही बोलला नाहीत. मला उघडंही पाडलं नाहीत. मला एक जागा करून दिलीत, जिथून मी दोन पावलं पुढं येऊन बोलू शकलो असतो. मी टेम्पोवाल्याला म्हणालो, उतरव गाडी, आणि निघालो.

तीन आठवड्यांनी गाडी घरी आली. पुन्हा तोच सांगाडा, पुन्हा कापडी पट्टी, पुन्हा फ्यूज. माझा बल्ब आणि हॉर्न पेपरात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवलेले होते. मी आभार मानायलाही आलो नाही. कॉलेजला जाताना स्टँडमागचा रस्ता सोडून दिला आणि बाजारातून वळसा घालायला लागलो.

ह्याच्या पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. महिन्याभरानं मी हॉटेलात चहा पीत होतो. पाच-सहा ट्रॉल्यांचा एक मालक समोर येऊन बसला. चांगला माणूस. म्हणाला, "सर, पोरं म्हणायलेत, अक्काच्या वायरिंगनं गुर्जींची गाडी पेटली. खरं का? माझ्या समद्या ट्रॉल्या तिच्याकडं असतेत. रातीची वाहतूक हाय, माणसाच्या जिवाचा प्रश्न हाय, म्हणून इचारलं."

इथं ओरडणं नव्हतं, गर्दी नव्हती, कोणी हसत नव्हतं. माणूस मला शांतपणे खरं विचारत होता. मी कपातलं बघत म्हणालो, "जाऊ द्या आता. वय झालं त्यांचं."

त्या दिवशी रागात बोललो, अशी स्वतःची समजूत घालता येते. ह्याची घालता येत नाही.

पुढच्या सीझनला तुमच्या दुकानापुढं ट्रॉल्या दिसल्या नाहीत. एकदा कामानं त्या बाजूनं जावंच लागलं, तर तुम्ही बॅटऱ्यांमध्ये पाणी भरत बसला होतात. वायरिंगची फळी भिंतीला उलटी टेकवलेली होती. मी रस्त्याच्या पलीकडून गेलो.

एकदा तुम्ही मला भाजीबाजारात गाठलंत. आठवतं? मी मेथी घेत होतो. मागून आवाज आला, "सर, गुर्जींचा हात बरा हाय का आता?" मी म्हणालो, बरा आहे, गाडी चालवतात थोडी. तुम्ही म्हणालात, "चालवू द्या. हॉर्न बारका हाय, पण पुरंल." आणि मग तुम्ही गेला नाहीत. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतलीत आणि थांबलात. भाजीवाली आपल्या दोघांकडं बघत होती. मी म्हणालो, "येतो अक्का, कॉलेजला उशीर होतोय."

तो रविवार होता. तुम्ही म्हणालात, "हां, जावा."

त्यानंतर वर्षानं तुम्ही गेलात. सकाळी दुकान उघडायला म्हणून निघालात आणि वाटेतच. मला स्टाफरूममध्ये कळलं. पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगू? सुटलो, असं आलं. क्षणभरच आलं, पण आलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

जलदानाहून परतताना रिक्षात नाना माझ्या शेजारी बसले होते. रिक्षा गल्लीतून बाहेर पडली. मग म्हणाले, "बोललास छान. तारेचं मात्र नाही बोललास."

मी म्हणालो, "कुठली तार?"

"तू पडवीत बसून पिळत होतास. मी खिडकीतून बघत होतो. मला वाटलं, शिकलेला आहे, समजून करत असेल." थोड्या वेळानं म्हणाले, "हाताला प्लास्टर होतं तेव्हाच मी सुमनकडं गेलो होतो. तिला म्हटलं, बाई, चूक माझ्या पोराची आहे. चल, चारचौघांत मी सांगतो. तिनं मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाली, नका सांगू गुर्जी. सर येतील. शिकलेल्या माणसाला येळ लागतो, पण येतील."

रिक्षा फाटकापाशी थांबली होती. रेल्वे जायची होती.

"पुढच्या वर्षी पुन्हा गेलो," नाना म्हणाले. "तिचं काम बसलेलं दिसत होतं मला. तेव्हाही तेच म्हणाली. येतील."

"मला का नाही बोललात नाना?"

"तिनं शब्द घेतला होता माझ्याकडून." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि मलाही वाटत होतं, तू जाशील."

अक्का, तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर मला कुठंतरी ते सोसून मोकळं होता आलं असतं. तुम्ही माझी वाट बघितलीत. दोन वर्षं, गिऱ्हाईकं तुटत असताना, बॅटऱ्यांत पाणी भरत वाट बघितलीत. भाजीबाजारात तुम्ही पिशवी बदलून थांबलात ते ह्यासाठी होतं. आणि मी तुम्हाला रविवारी कॉलेज सांगितलं.

काल सकाळी मी आधी त्या हॉटेलात गेलो. तो ट्रॉलीवाला मालक नेहमीच्या वेळी येतो. तो आल्यावर मी उभा राहूनच सांगितलं. बल्ब मी लावला, हॉर्न मी लावला, फ्यूजच्या जागी तार मी घातली, अक्कांनी नको म्हटलं असताना. आणि तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. आजूबाजूचे चहा घेणारे ऐकत होते. मालकानं कप बशीत ठेवला. म्हणाला, "सर, मी तिच्याकडनं समद्या ट्रॉल्या काढून नेल्या. ती बाई मला काहीच बोलली न्हाई." मग म्हणाला, "आन् तुमी आता सांगायलाव?" तो उठून गेला. चहा तसाच होता.

तिथून तुमच्या दुकानात गेलो. मंगल सामान आवरत होती. तिनं मला बघून स्टूल पुढं केलं. म्हणाली, "सर, काल लय चांगलं बोललात आईबद्दल." मी स्टुलावर बसलो नाही. पहिल्यापासून सगळं सांगितलं, ग्रुपवरच्या फोटोपासून. ती मीटर पुसत होती, तिचा हात हळूहळू थांबला.

मला वाटलं होतं ती ओरडेल. मी त्यासाठी तयार होऊन आलो होतो.

तिनं हातातलं फडकं बाजूला टाकलं. मग म्हणाली, "त्या उन्हाळ्यात मी परभणीहून सुट्टीवर आले होते. स्टँडवर उतरले तर रिक्षावाला म्हणाला, तुझ्या आईनं गुर्जींना जाळलं असतं. मी घरी आले अन् आईला लय बोलले, सर. म्हटलं, तुझे हात थरथरतेत, तुला दिसत न्हाई, कुणाचा तरी जीव घेशील, बंद कर ते दुकान. आई भाकरी करायली होती. म्हणाली, मंगल, माझं काम चुकलेलं न्हाई. मी म्हटलं, आई, समद्यांना आसंच वाटतं."

तिनं मीटर खाली ठेवलं.

"त्याच्यावर ती काही बोलली न्हाई. तुमचं नावसुद्धा घेतलं न्हाई. पुन्हा कधी माझ्यासमोर वायरीला हात लावला न्हाई तिनं."

मी म्हणालो, "मंगल, माझी चूक आहे. तुझी नाही."

"ते हाय, सर," ती म्हणाली. "तुमी येऊन मला सांगितलं. आता मी कुणाला जाऊन सांगू?"